आधी उजेड, मग कॅमेरा

फोटोग्राफीच्या बहुतेक वर्गांत पहिला धडा यंत्राचा असतो. ॲपर्चर, शटर, आयएसओ, मग कोणती लेन्स घ्यावी याची चर्चा. प्रकाशाची पाळी येते ती शेवटी, तीही दिव्यांच्या किमतीसह. हा क्रम उलटा आहे आणि त्याची फळे आपल्या लग्नांच्या व्हिडिओंत दिसतात. कॅमेरा लाखाच्या घरातला असतो, पण त्याच्याच डोक्यावर बसवलेला एलईडी दिवा थेट तोंडावर रोखलेला. हळदीतली नवरी असो की सत्तरीची आजी, कपाळ चकाकते, नाक-गाल सपाट होतात आणि मागचा मांडव काळोखात बुडतो. कॅमेऱ्याचा यात काही दोष नाही. उजेड कुठून यावा, हे कोणी ठरवलेलेच नसते.

छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी (१९५६) नेमके तेच ठरवले. काशीतल्या घराचे अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारले होते. खऱ्या अंगणात उजेड वरच्या आकाशातून झिरपतो, त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओतल्या थेट दिव्यांनी ती पडलीच असती. मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणले, दिवे त्या कापडावर मारले आणि परतून आलेल्या उजेडात चित्रीकरण केले. यामागचे तत्त्व साधे आहे. उजेडाचा स्रोत जितका मोठा दिसतो, तितकी सावली मऊ पडते. सूर्य अवाढव्य खरा, पण इतका दूर की हात लांब करून धरलेल्या हरभऱ्याआड मावेल. म्हणून भर दुपारच्या फोटोत डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. ढग आले की अख्खे आकाशच दिवा होते. ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) छायालेखक व्ही. के. मूर्तींना याच्या उलट, धारदार झोत हवा होता. त्यांनी आरशांनी बाहेरचे ऊन स्टुडिओत वळवले. एकाने कापड वापरले, दुसऱ्याने आरसा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आता हे सगळे फोनच करतो. बऱ्याच अंशी खरे आहे. एका क्षणात अनेक फ्रेम घेऊन, त्या जुळवून फोन सावलीतला तपशीलही वर काढतो. चेहऱ्यावर बाजूने उजेड पडल्याचा भासही काही फोन निर्माण करतात. पण तो यंत्राचा अंदाज असतो, आणि त्या अंदाजाला आवडनिवड असते: ‘ब्युटी’ फिल्टर लावला की सावळा रंग बघता बघता दोन छटा उजळतो. ज्याला उजेड वाचता येत नाही, तो हा निकाल निमूट स्वीकारतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिकवलेल्या नियमांनी सगळ्यांची चित्रे एकसारखी होतील. रचनेच्या बाबतीत ही भीती खरी ठरली आहे. फ्रेमचे तीन-तीन भाग करून माणूस रेषेवर बसवण्याचा नियम इतका घोटला जातो, की जणू तो भौतिकशास्त्रातलाच. याउलट ‘कोर्ट’ या चित्रपटात (२०१४) कॅमेरा लांब उभा राहतो, फारसा हलत नाही आणि माणसे न्यायालयाच्या दालनात लहान दिसतात. ती रचना न्यायव्यवस्थेतल्या माणसाविषयी काही सांगते म्हणून ती पटते. उजेडाचे मात्र तसे नाही. दिवा दुप्पट दूर नेला की प्रकाश चौथाईवर येतो. ही आवडीची बाब नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो खिडकीजवळ माणूस बसवून चेहरा उजळ आणि मागची भिंत अंधारी ठेवू शकतो, किंवा माणसाला आत सरकवून दोन्हींतला फरक कमी करू शकतो. खर्चाची सबबही इथे टिकत नाही. चित्रपटाच्या सेटवरही उजेड परतवायला साधे थर्माकोल वापरतात, आणि ते कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते.