ते घोरणे नव्हे

पवनीजवळच्या एका गावात सप्ताह होता. काल्याच्या दिवशी सकाळी एक बाई बाजूला येऊन हळूच म्हणाली, "महाराज, पोरगा अकरावीत हाय. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या शिश्या त्याच्या दप्तरात सापडल्या. खोकला त नाही त्याले." आणि मग म्हणाली, "तुमी काल नशा करनाऱ्यायले जे बोलले, ते आयकून मी हे कोनाले सांगू?"

आदल्या रात्री मी खरेच बोललो होतो. लोक हसले होते. तो पोरगा तेव्हा टाळकऱ्यांत उभा होता.

आपली समजूत अशी की व्यसन म्हणजे दारू. माळ घातली की घर सुटले. (तंबाखू मळत ही गोष्ट ऐकणारेही आपणच.) पण अफू आपल्या घरी नेहमी औषध म्हणूनच आली. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या लेकरांना अफूची गोळी देऊन निजवीत. आज खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. ते अफूचेच, शरीरात गेल्यावर त्याचे काही प्रमाणात मॉर्फिन होते. ट्रामाडोल, टॅपेंटाडोल या दुखण्यावरच्या गोळ्यांचे कामही तसेच. २०२५ साली मुंबईच्या एका कंपनीच्या टॅपेंटाडोलच्या गोळ्या आफ्रिकेतल्या पोरांना नशेसाठी विकल्या जातात, हे उघड झाले आणि सरकारला परवानगी काढून घ्यावी लागली. मी पवनीवर आळ घेत नाही. पण औषधाचे दुकान आणि मोबाइल वैनगंगेच्या दोन्ही काठांवर आहेत, आणि आपली मुले शिकायला नागपूरला खोल्या घेऊन राहतात.

ही नशा मारते ती श्वास थांबवून. मेंदूतले श्वास चालवणारे केंद्र मंद होते. दारू किंवा झोपेची गोळी सोबत असली तर आणखी लवकर. पोरगा पडलेला असतो, घशातून घरघर येते, आई म्हणते घोरतो आहे, झोपू द्या. माउली, ते घोरणे नव्हे. हलवून उठत नाही, ओठ-नखे निळसर, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, श्वास मधेच थांबतो, असे दिसले की १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर एका कुशीवर वळवून ठेवा. ताक, लिंबूपाणी पाजू नका, घशात अडकेल. कांदा हुंगवत बसू नका.

आणि दवाखान्यात खोटे बोलू नका. "उन्हाने चक्कर आली" हे आपल्या भागात सहज खपणारे खोटे आहे, आणि त्यात वेळ जातो. नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन या विषाला उतारा आहे; पण डॉक्टरला गोळीचे नाव कळले तर ते लगेच सुचेल. गोळीची पट्टी सोबत न्या. इंजेक्शनचा असर औषधाच्या आधी संपू शकतो, म्हणून पोरगा उठून बसला तरी लगेच घरी आणू नका.

पोलिसांची भीती मोठी असते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातले कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला मात्र २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आपण नेमके उलटे करतो. देणाऱ्याला ओळख दाखवतो आणि घेणाऱ्याला कोंडतो.

कोंडण्याचेही सांगतो. महिनाभर सुटलेल्या शरीराची सवय उतरते. तोच पोरगा बाहेर पडून पूर्वीएवढीच मात्रा घेतो, आणि तीच जीव घेते. म्हणून शपथ घ्यायला लावून, माळ घालून काम झाले असे समजू नका. पुढचे महिने सोबत बसा. पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण सुरू केले ते गर्दच्या पोरांसाठी. तिथे व्यसन हा आजार मानूनच उपचार झाला. आम्ही कीर्तनकार अजून पापाच्याच भाषेत बोलतो.

शाळेत २६ जूनला फलक रंगतात, शपथ होते. त्यातून मुलाला काय कळते? आठवीच्या वर्गात ओठ निळे कसे पडतात आणि मित्र पडला तर त्याला टाकून पळायचे नाही, एवढे सांगायला पाऊण तास पुरतो. मुख्याध्यापकांना भेटा आणि मागा तो तास. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारीत आणि उत्तरासाठी थांबत. आम्ही थांबणे सोडले.

त्या बाईला मी १४४४६ हा केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा फुकट नंबर लिहून दिला. मग काल्याच्या कीर्तनाला उभा राहिलो आणि आधी आदल्या रात्रीचे शब्द परत घेतले. पुढच्या रांगेतले काही जण उठून गेले.