विश्लेषण : ड्रग्जचे किलो मोजून झाले, घरातल्या मुलाचं काय? कलम ६४-अ काय सांगतं?

कसबा पेठेतून सोमवार पेठेत चालत जाता येतं. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांची मेफेड्रोनवरची सर्वात गाजलेली कारवाई तिथूनच सुरू झाली. धागा विश्रांतवाडीच्या गोदामात गेला. तिथे माल मिठाच्या पाकिटांत लपवलेला होता. पुढे कुरकुंभ एमआयडीसीतला कारखाना, मग दिल्ली आणि सांगलीजवळचं कुपवाड. जप्ती १,७०० किलोंच्या वर, किंमत साडेतीन हजार कोटींहून जास्त सांगितली गेली.

कोटींचा आकडा मथळ्यात छान बसतो. पण दुसरा हिशेब करून पाहा. एनडीपीएस कायद्यात मेफेड्रोनचं ‘अल्प प्रमाण’ २ ग्रॅम आहे. म्हणजे एका किलोत अशा ५०० पुड्या, १,७०० किलोंत साडेआठ लाख. त्या घेणारे कुणाच्या तरी घरात राहतात.

एमडी इतकं घातक का?

एमडी, म्याव म्याव ही मेफेड्रोनचीच नावं. अफूला शेत लागतं, याला केमिकल कारखान्यातला रिॲक्टर पुरतो. नशा दोन-तीन तासांत उतरते आणि लगेच पुन्हा घ्यावीशी वाटते. झोप उडते, भूक मरते, हृदयाचे ठोके वाढतात, संशय आणि भास सुरू होतात. बंद केलं की अंग गळतं, उदासी येते. ब्राउन शुगरच्या व्यसनात डॉक्टर पर्यायी औषध देऊ शकतात. एमडीसाठी तसं मान्यताप्राप्त औषध नाही. समुपदेशन आणि वेळ, हाच उपचार. त्यामुळे उशीर महागात पडतो.

आणि उशीर होतोच. मुलगा रात्र रात्र जागतो, घरचे म्हणतात अभ्यासाचा ताण. मोबाइल विकला, तर म्हणे हरवला. लाज असतेच, पण माझ्या मते त्याहून मोठी भीती पोलिसांची असते. ‘दवाखान्यात नेलं आणि केस झाली तर?’

कायदा काय म्हणतो?

सेवन हा कलम २७ खाली गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. कलम ६४-अ फारसं कुणी सांगत नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणार असेल, तर त्या आरोपासाठी तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. विक्री करणाऱ्याला ही सवलत नाही, आणि नसावीच.

जप्तीच्या पत्रकार परिषदेत टेबलावर पुड्या मांडल्या जातात, तिथेच या कलमाचा फलक लावायला काय हरकत आहे? उपचाराची सोय पुण्याला नवी नाही. गर्दच्या काळात, १९८६मध्ये, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी इथेच ‘मुक्तांगण’ सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने.

केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन १४४४६ आहे. फोन व्यसन करणाऱ्यानेच करावा असं नाही. आई, बहीण, रूममेट, कुणीही करू शकतं.