‘हेलो ५’चं कुलूप कोण काढणार?

प्रति,
हेलो स्टुडिओज आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाचे प्रमुख यांस,



२७ ऑक्टोबर २०१५ रोजी आपण ‘हेलो ५: गार्डियन्स’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणलात. दहा वर्षं उलटून गेली तरी त्यावरची भांडणं मिटलेली नाहीत. मालिकेची वाट इथेच चुकली, असं जुने खेळाडू म्हणतात. ज्यांची हेलोशी ओळखच या गेमने झाली, ते त्याला आता अभिजात म्हणा म्हणून अडून बसलेत. आपण मात्र गप्प. हे पत्र त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

आधी कथेचं बोलू. गेम येण्याआधी आपण ‘हंट द ट्रुथ’ ही श्राव्य मालिका ऐकवलीत. जाहिरातींत उद्ध्वस्त शहरात मालिकेचा नायक मास्टर चीफ आणि त्याच्या मागावरचा सैनिक स्पार्टन लॉक एकमेकांसमोर उभे ठाकले. चीफ गुन्हेगार की बळीचा बकरा, हा प्रश्न आपणच आमच्या डोक्यात पेरलात. प्रत्यक्षात मिळालं काय? छोटीशी हाणामारी, आणि पंधरा मोहिमांपैकी जेमतेम तीन चीफच्या वाट्याला. बाकी सगळा लॉक. जाहिरातीतला तो प्रसंग गेममध्ये कुठे आहे, हे आपण कधी सांगितलंत का? पुढे २०२१मध्ये ‘हेलो इन्फिनिट’ आला, तेव्हा चीफची जुनी एआय सोबतीण कोर्टाना हिच्या बंडाचा शेवट आपण पडद्याआड उरकून टाकलात. म्हणजे ही कथा खेळाडूंनी नव्हे, तिच्या पालकांनीच वाळीत टाकली. तिला अभिजात म्हणण्याचा आग्रह माझाही नाही.

पण मैदानातला, चार विरुद्ध चारचा हेलो ५ ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे मी तरुणांच्या बाजूने आहे. सेकंदाला साठ फ्रेमचा वेग, झटक्यात बाजूला सरकणं, कठड्याला लटकून वर चढणं, वरून जमिनीवर आदळणारा तो ठोसा. या हालचाली जुन्या हेलोच्या नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण त्या एकमेकींत इतक्या नेमक्या बसवल्या आहेत की हरणाऱ्यालाही आपण का हरलो ते कळतं. नंतरचे सगळे नकाशे फुकट दिलेत, त्याबद्दल आभारही मानतो. मात्र त्या फुकटपणाचा खर्च रेक्विझिशन पॅकमधून निघत होता. आत काय निघेल ते ठाऊक नसलेली पाकिटं विकून २०१६च्या जागतिक स्पर्धेची बक्षिसाची रक्कम २५ लाख डॉलरपर्यंत गेली. सोडतीच्या तिकिटावर उभी राहिलेली ही शान आपल्याला कधी खुपली नाही?

आता मुख्य मुद्दा. २००१च्या पहिल्या हेलोपासून एकाच टीव्हीचे भाग करून शेजारी बसून खेळणं हा या मालिकेचा प्राण होता. हेलो ५मध्ये आपण स्प्लिट-स्क्रीन काढून टाकलीत. चौघांनी मोहीम खेळायची तर चार यंत्रं, चार टीव्ही, गेमच्या चार प्रती आणि चार वर्गण्या. भारतात एक्सबॉक्स वन सप्टेंबर २०१४मध्ये आला तो ३९,९९० रुपयांना. सुट्टीत जमलेल्या आतेमामेभावंडांनी एकत्र कसं खेळावं, असं आपल्याला वाटलं होतं? फेब्रुवारी २०१७मध्ये स्टुडिओच्या तेव्हाच्या प्रमुख बॉनी रॉस यांनी लास वेगासला गेम उद्योगाच्या डाइस परिषदेत कबूल केलं की या निर्णयाने चाहत्यांचा विश्वास गेला. यापुढच्या प्रत्येक हेलो शूटरमध्ये स्प्लिट-स्क्रीन असेल, असा शब्दही दिला. आम्ही विश्वास ठेवला. सप्टेंबर २०२२मध्ये आपणच ‘इन्फिनिट’च्या मोहिमेतली स्प्लिट-स्क्रीन रद्द केलीत. त्या शब्दाची जबाबदारी आज कुणाची आहे? पहिल्या हेलोची नवी आवृत्ती आपण २०२५च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलीत, आणि कन्सोलवर दोघांसाठी स्प्लिट-स्क्रीन देऊ असं सांगितलंत. म्हणजे मनात आलं की जमतं.

आणि हेलो ५? तो आहे तिथेच आहे, एक्सबॉक्सच्या डब्यात. ‘मास्टर चीफ कलेक्शन’ या जुन्या हेलोंच्या संग्रहातले सहाही गेम २०२०च्या अखेरीपर्यंत पीसीवर पोचले. हा एकटा मागे राहिला. विचारणा झाली तेव्हा तसा बेत नाही, एवढंच उत्तर मिळालं. पीसीवर चालणारच नाही, असंही म्हणता येत नाही, कारण सप्टेंबर २०१६मध्ये त्याचा नकाशे बनवण्याचा फोर्ज विभाग आपणच विंडोज १०वर फुकट दिला होता. मूळ एक्सबॉक्सवरच्या हेलो २चे सर्व्हर २०१०मध्ये बंद झाले, एक्सबॉक्स ३६०वरच्या हेलोंचे २०२२मध्ये. उद्या हेलो ५ची पाळी आली की चोवीस जणांनी ऑनलाइन खेळायचा ‘वॉरझोन’ कायमचा संपेल. जो गेम नव्या पिढीच्या हातात पडूच शकत नाही, त्याच्या दर्जाचा वाद घालायचा तरी कसा?

अभिजात दर्जाची वाट पाहणं काय असतं, ते आम्हा मराठी लोकांना कुणी शिकवायला नको. २०२४च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने आमच्या भाषेला अभिजात ठरवलं. योगायोगाने त्याच आठवड्यात आपण ‘३४३ इंडस्ट्रीज’ची पाटी उतरवून ‘हेलो स्टुडिओज’ची लावलीत. पाटी बदलली म्हणून जुनी देणी फिटत नाहीत, हे आपल्यासारख्या व्यवहारी मंडळींना मी काय सांगावं!

तेव्हा मागणी सरळ आहे. हेलो ५ संपूर्णपणे पीसीवर आणा, सोबत स्प्लिट-स्क्रीन द्या आणि सर्व्हर बंद झाल्यावरही तो घरच्या घरी खेळता येईल अशी सोय करा. जमणार नसेल तर कारणासह तसं जाहीर लिहा. अभिजात आहे की नाही, ते खेळणारे ठरवतील.

आपला,
एक खेळाडू आणि ग्राहक