इयत्ता चढतात, उपक्रम आटतात

जूनच्या मध्यावर, आणि विदर्भात उन्हाचा कडाका ओसरण्याची वाट पाहून थोड्या उशिराने, महाराष्ट्रातील माध्यमिक शाळा उघडतात, तेव्हा पाचवीच्या वर्गात बिचकत पाऊल टाकणारे दहा वर्षांचे मूल आणि दहावीच्या बाकावर येऊन बसणारे पंधरा वर्षांचे मूल ही दोघे एकाच घंटेने वर्गात जातात आणि एकाच पटांगणावर प्रार्थनेस उभी राहतात. या दोघांमध्ये जी पाच वर्षे असतात, त्या वर्षांत मनुष्याचा आवाज बदलतो, विचार करण्याची रीत बदलते, मित्र बदलतात आणि स्वतःविषयीची कल्पनाही बदलते. गणिताच्या बाबतीत या पाच वर्षांची चढण शिक्षणखात्याने विचारपूर्वक आखलेली आहे : अपूर्णांक पक्के झाल्यावाचून बैजिक राशी येत नाहीत, आणि बैजिक राशी हाताखालून गेल्यावाचून नववीच्या बहुपदी किंवा दहावीची वर्गसमीकरणे येत नाहीत. परंतु ज्यांना आपण ‘शालेय उपक्रम’ म्हणतो आणि ज्यांतून मूल बोलावयास, लिहावयास, चार माणसांत काम करावयास आणि पत्करलेले काम तडीस नेण्यास शिकते, त्यांची अशी चढण कोणी आखलेली नाही. उलट इयत्ता जसजशी वर चढते, तसतसे उपक्रम आटत जातात, आणि ज्या वयात विद्यार्थी खरोखर काही करू शकेल, नेमक्या त्याच वयात त्याला काही करण्यापासून दूर ठेवले जाते. या विपरीत व्यवस्थेविषयी आजच्या लेखात लिहावयाचे आहे.

वस्तुस्थिती काय आहे ती क्रमाने पाहू. पाचवी-सहावीच्या मुलांच्या वाट्यास शाळेचे अंगण मोकळेपणाने येते : समूहगीत, परसबाग, भित्तिपत्रकासाठी चित्रे, वनभोजन, लंगडी आणि खो-खो, स्नेहसंमेलनात एखाद्या नाचातील मागची रांग. सातवी-आठवीत स्काउट-गाइडचा गणवेश अंगावर येतो, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याची आणि मोटरची प्रतिकृती मांडली जाते, वक्तृत्वस्पर्धेसाठी भाषण पाठ होते, शासकीय रेखाकला परीक्षेची एलिमेंटरी दिली जाते. आणि याच टप्प्यावर शिष्यवृत्तीच्या परीक्षा व आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ येत असल्यामुळे दुपारच्या तासिकांवर जादा तासांचे पहिले अतिक्रमण होते. नववीत वेळापत्रक आणखी आखडते. दहावीत शारीरिक शिक्षणाची तासिका बहुधा बीजगणितास जाते, जलसुरक्षा आणि स्व-विकास व कलारसास्वाद या विषयांची श्रेणी मंडळाकडे वेळेवर पाठविली जाते, पण त्या श्रेणीमागे शिकविणे किती झाले हे कोणी विचारीत नाही. आणि सराव परीक्षांच्या मालिकेनंतर जो एकमेव कार्यक्रम विद्यार्थ्यांच्या वाट्यास उरतो तो निरोप समारंभ. तोही बहुतेक ठिकाणी नववीची मुले करतात, आणि दहावीची मुले खुर्च्यांवर बसून तो पाहतात.

उपक्रमातली प्रगती कशास म्हणावी, हे एका प्रसंगावरून सांगतो. तालुक्याच्या गावच्या एका शाळेत वार्षिक हस्तलिखिताचे काम चाललेले मी पाहत होतो. आठवीतील एक मुलगी संपादनास बसली होती. पांढरे ताव कापून झालेले, कडेला पेन्सिलीने समास आखलेला, आणि शेजारी वेगवेगळ्या वर्गांतून आलेल्या मजकुराची चळत. पाचवीतील एका मुलाने ‘पावसाळा’ या विषयावर दिलेला निबंध गाइडातून उतरवलेला आहे, हे तिने दोन ओळी वाचताच ओळखले. तिने निबंध बाजूला टाकला नाही, की मुलास रागेही भरली नाही. त्याला जवळ बोलावून तिने विचारले, “तुमच्या घरी पाऊस आला म्हंजी पहिलं काय होतं रे?” तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “आई गोवऱ्या आत घेती. मग मला म्हणती, शेरडं आधी आत बांध.” ती म्हणाली, “मग त्येच लिही की.” दुसऱ्या दिवशी त्याने वहीचे एक पान भरून आणले, तिने ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारले, बाकीच्या मजकुरास हात लावला नाही, आणि त्या पानाच्या कोपऱ्यात एक शेळी काढून देण्याचे काम सहावीतल्या चित्रकारास सांगितले.

लिहिणे म्हणजे काय, हे त्या मुलीला नुसते कळले होते असे नव्हे, तर ते दुसऱ्याला कळेल अशा रीतीने सांगताही येत होते; आणि भाषाशिक्षणाचा याहून वरचा टप्पा मला ठाऊक नाही. पाचवीत असताना तिनेही कदाचित असाच एखादा उतरवलेला निबंध दिला असेल, सहावीत सुलेखन केले असेल, सातवीत मजकूर गोळा करीत वर्गावर्गांतून हिंडली असेल. आणि असे तीन वर्षांचे काम अंगवळणी पडले म्हणूनच चौथ्या वर्षी तिच्या हाती अधिकार आला. आधी सहभाग, मग कौशल्य आणि शेवटी जबाबदारी, हीच उपक्रमांची खरी इयत्तावारी आहे. परंतु पुढच्या वर्षी, नववीत गेल्यावर, हस्तलिखिताच्या समितीतून तिचे नाव कमी झाले. नववी-दहावीची मुले उपक्रमांना घ्यावयाची नाहीत, असे पालकसभेत ठरले होते. ज्या वर्षी तिने नव्या संपादकास तयार करावयाचे, त्याच वर्षी तिची जागा रिकामी झाली, आणि नव्या संपादकास सगळे पहिल्यापासून शिकावे लागले.

आता शाळेच्या दप्तराकडे वळू, कारण जे दप्तरात नोंदले जात नाही ते व्यवस्थेच्या लेखी घडतच नाही. शिक्षणहक्क कायदा अमलात आल्यावर २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पाचवी-सहावीस आकारिक मूल्यमापनाचा भार निम्मा आणि सातवी-आठवीस शंभरात चाळीस, अशी त्यात वाटणी आहे. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने सांगितली आहेत. आणि प्रत्येक मुलाच्या पानावर ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ अशा वर्णनात्मक नोंदींची तरतूद आहे. ही तरतूद उत्तम आहे. परंतु साठ-साठ मुलांचा वर्ग, त्यावर माहिती भरण्याची आणि निवडणुकीची कामे, यांखाली दबलेला वर्गशिक्षक सत्र संपता संपता बाजारात मिळणाऱ्या तयार नोंदींच्या पुस्तिकेचा आधार घेतो, आणि ‘वाचनाची आवड आहे’, ‘वर्गकार्यात सहभागी होते’ ही वाक्ये एका मुलाच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर जातात. मी शिक्षकांना दोष देत नाही. ज्या नोंदीचा पुढच्या वर्षीच्या शिक्षकास काही उपयोग नाही, ती जीव ओतून लिहावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आणि नववी लागताच, म्हणजे मूल खऱ्या अर्थाने नोंद घेण्याजोगे काही करू लागते तेव्हा, ही नोंदसुद्धा थांबते आणि उरतो तो लेखी ऐंशी आणि अंतर्गत वीस गुणांचा हिशेब.

या वीस गुणांचे काय झाले ते आठवून पाहण्यासारखे आहे. २०१९ च्या शालान्त परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले होते, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. मोठा गहजब झाला, अकरावीच्या प्रवेशात आपली मुले इतर मंडळांच्या मुलांच्या मागे पडतील ही रास्त चिंता व्यक्त झाली, आणि पुढल्याच वर्षी ते गुण परत आले. या साऱ्या चर्चेत टक्केवारी पुष्कळ होती. पण ज्या श्रवण-भाषण कौशल्यासाठी ते गुण ठेवलेले होते, ते कौशल्य आपल्या मुलांमध्ये पाचवीपासून दहावीपर्यंत कितपत वाढते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. उपक्रमांना गुणांच्या दोरीने बांधले म्हणजे काय होते याचा हा दाखला आहे : दोरीची लांबी मोजली जाते, आणि पलीकडे काय बांधले आहे ते विसरले जाते.

उपक्रमांची आणि त्यांच्या नोंदीची ही मागणी नवी नाही, आणि म्हणूनच त्यांची ही दशा अधिक खेदाची आहे. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या आयोगाने, प्रत्येक विद्यार्थ्याने वेळोवेळी केलेल्या कामाची आणि निरनिराळ्या क्षेत्रांतील त्याच्या प्रगतीची नोंद शाळेने पद्धतशीर ठेवावी आणि अंतिम मूल्यमापनात ती विचारात घ्यावी अशी शिफारस केली होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील, गारगोटीच्या मातीत शिक्षणाचे प्रयोग केलेले गृहस्थ. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पुन्हा समग्र प्रगतिपत्रकाची भाषा केली आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचविले. सात दशके शिफारशी एकाच दिशेने होत आहेत. आणि याही खेपेस दप्तराविना दिवसांची गोष्ट आठवीशीच थांबली आहे.

महाराष्ट्राला तर शिफारशीची वाट पाहण्याचेही कारण नव्हते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली शिक्षक म्हणून रुजू झालेल्या साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढले आणि पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक चालविले, ते मुलांना वाचनाची आणि लेखनाची गोडी आपोआप लागावी म्हणून. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीस बसविले आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व रुजविले. तेथे वडील मुलांवर कामाचा भार होता, आणि त्या भारानेच ती मुले शिकली. त्या मुलांनाही परीक्षा होत्या, आणि आजच्या बहुसंख्य घरांपेक्षा त्यांची घरे गरीब होती.

पालकांची बाजू मी हलकी समजत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीला बसले आहे, त्या घराच्या दृष्टीने ते वर्ष सगळ्या कुटुंबाचे असते. मजुरी सोडून आई शाळेत येऊन “गुरुजी, यंदा तेवढं बाकीचं काही नको, दहावी हाय” असे म्हणते, तेव्हा त्या बोलण्यात अनुभवाने आलेले भय असते. तिला उत्तर द्यावयाचे तर ते प्रामाणिक हवे. दहावीच्या विद्यार्थ्याकडून आठवड्याला एक तासिका, तीही दिवाळीपूर्वीच्या सत्रात, मागितली तर त्याच्या अभ्यासात तूट येत नाही. आणि दुसऱ्यास समजावून देताना स्वतःस विषय जितका पक्का कळतो, तितका एकट्याने घोकून कळत नाही, हे शिकविण्याचे काम केलेल्या कोणासही ठाऊक आहे. शिवाय जे मूल दहावीनंतर शिकणार नाही, त्याच्यासाठी तर शाळेतील हे शेवटचे वर्ष म्हणजे जबाबदारीने काम करण्याची हक्काची अखेरची संधी आहे. ती काढून घेण्यात त्याचे कल्याण नाही.

तेव्हा काय करावे, याची तजवीज शाळेच्याच हातात आहे आणि तिला नव्या शासननिर्णयाची गरज नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक उपक्रम पाच-सहा इयत्तांतून उभा आखावा. परसबाग असेल तर पाचवीने पाणी घालावे, सातवीने वाफ्यांची मोजणी करून क्षेत्रफळ काढावे, आठवीने मातीचे आणि खताचे प्रयोग नोंदवावेत, नववीने खर्चाचा जमाखर्च ठेवावा आणि दहावीने पुढच्या हंगामाचे नियोजन लिहून ठेवून नववीच्या हवाली करावे. हस्तलिखित, ग्रंथालय, क्रीडास्पर्धा, शालेय मंत्रिमंडळ, सर्वांस हेच सूत्र लागू पडते. दुसरी गोष्ट, प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावे एकच नोंदवही असावी, जी पाचवीच्या वर्गशिक्षकाकडून सहावीच्या आणि अखेर दहावीच्या वर्गशिक्षकाकडे रीतसर जाईल. वर्षाकाठी तीत शिक्षकाची चार वाक्ये पुरेत, पण त्या मुलाने त्या वर्षी प्रत्यक्ष काय केले हे त्यांत असावे, आणि नववीपासून एक वाक्य त्या विद्यार्थ्याने स्वतः लिहावे. पुढच्या शिक्षकास ती वही वाचावी लागेल, या एकाच कारणाने ती खरी लिहिली जाऊ लागेल. तिसरी गोष्ट, या नोंदींना गुण देऊ नयेत. दहावीच्या शेवटी मूल शाळा सोडण्याचा दाखला घेण्यास येते, तेव्हा त्या दाखल्याबरोबर ही वही त्याच्या स्वाधीन करावी.

शाळेची प्रगती निकालाच्या टक्केवारीने मोजण्याची सवय आपणा सर्वांस, वर्तमानपत्रांसही, जडलेली आहे, आणि ती एकाएकी सुटणार नाही. पण दर जूनमध्ये पालकांनी मुख्याध्यापकांस आणखी एक प्रश्न विचारावा : माझे मूल गेल्या वर्षी जे करू शकत नव्हते, असे कोणते काम यंदा तुम्ही त्याच्यावर सोपविणार आहात? पाचवीच्या पालकाने तो विचारावा, आणि दहावीच्या पालकाने तर अधिकच आग्रहाने विचारावा. ज्या शाळेकडे या प्रश्नाचे इयत्तेगणिक उत्तर तयार असेल, त्या शाळेतील विद्यार्थी पुढे गेले असे खुशाल म्हणावे. इतर शाळांत पुढे गेल्या त्या केवळ इयत्ता.