हुकूम मोडणारा हवालदार

हवालदार चंद्रसिंग गढवाली यांचे १ ऑक्टोबर १९७९ रोजी दीर्घ आजारानंतर दिल्लीत निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ८७ वर्षांचे होते. १९९४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. उत्तराखंड राज्यात आज त्यांच्या नावाचे फलोद्यान व वनविद्या विद्यापीठ आहे आणि पर्यटन व्यवसायासाठी तरुणांना अर्थसाहाय्य देणारी सरकारी योजनाही आहे. 'वीर' ही उपाधी तर त्यांच्या नावाचा भागच होऊन बसली आहे. हा सारा मानमरातब त्यांना ज्या एका कृत्यामुळे लाभला, ते कृत्य म्हणजे वरिष्ठाच्या हुकमाचा भंग होय. राज्यकर्ते त्या माणसाला वंदन करतात, परंतु त्याने उभा केलेला प्रश्न गेली नव्वदहून अधिक वर्षे अनुत्तरित पडला आहे.

चंद्रसिंग यांचा जन्म १८९१ साली पौडी गढवालमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीवर तेथील घरे वर्षभर पोसली जात नसत आणि रोख पैसा घरात यायचा तो पलटणीतून. ब्रिटिशांनी १८८७ साली गढवाली पलटण उभारली व पुढे लॅन्सडाउन येथे तिचे ठाणे वसवले, तेव्हापासून गरिबीतून सुटण्याची ती एक ठरलेली वाट झाली होती. १९१४ साली महायुद्ध पेटताच चंद्रसिंग त्याच वाटेने गेले. फ्रान्समधील खंदक त्यांनी पाहिले, मेसोपोटेमियाच्या मोहिमेतही ते होते. त्या युद्धात गढवाली शिपायांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले आणि १९२१ साली पलटणीला 'रॉयल' हे बिरुद लाभले. शिपायांच्या वाट्याला मात्र युद्ध संपताच कपात व पदावनती आली. चंद्रसिंगांचीही बढती काढून घेण्यात आली व हवालदाराची पट्टी त्यांना पुन्हा नव्याने कमवावी लागली. साम्राज्याच्या कृतज्ञतेची खोली किती, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे आर्यसमाजाचा व राष्ट्रीय चळवळीचा संस्कार त्यांच्यावर झाला, तो या अनुभवाच्या जमिनीवर.

१९३० च्या एप्रिलमध्ये मिठाच्या सत्याग्रहाची लाट सरहद्द प्रांतात पोहोचली. खान अब्दुल गफारखान यांना २३ एप्रिल रोजी अटक झाली. त्याच दिवशी पेशावरमध्ये स्थानिक पुढाऱ्यांना पकडण्यात आले आणि किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमाव लोटला. चिलखती गाड्या त्या जमावात घुसल्या, गोळीबार झाला. मृतांचा आकडा सरकारने तीसच्या आसपास सांगितला. लोकांच्या मते तो शेकड्यांत होता. पठाण जमावासमोर गढवाली हिंदू शिपाई उभे करण्यामागे सरकारचा हिशेब उघड होता. मुसलमानावर गोळी झाडताना हिंदू शिपायाचा हात कापणार नाही, असे त्यास वाटत होते. 'गढवाली, तीन फैरी' असा हुकूम सुटला आणि चंद्रसिंगांनी 'गढवाली, गोळीबार बंद' असा प्रतिहुकूम दिला, असे गढवालात आजही सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी या शिपायांनी बंदोबस्तासाठी शहरात जाण्यास साफ नकार दिला, शस्त्रे खाली ठेवली आणि अटक पत्करली. यानंतर सरकारला फौज शहराबाहेर काढावी लागली आणि सुमारे दहा दिवस पेशावर लोकांच्या हाती राहिले.

अबटाबाद येथे लष्करी न्यायालयासमोर सतरा जणांवर खटला चालला. बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी त्यांचा बचाव केला. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, दुसऱ्या एकास पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि उरलेल्या पंधरा जणांना तीन ते दहा वर्षांच्या शिक्षा फर्मावण्यात आल्या.

येथपर्यंतची कथा गौरवग्रंथांत सापडते. तिचा पुढचा भाग सहसा गाळला जातो. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रही कैदी सुटले. परंतु हुकूमभंगाबद्दल शिक्षा झालेले सैनिक व पोलीस या माफीतून वगळण्यात येतील, असे त्या करारातच नमूद होते. त्यानंतर लवकरच एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना गांधीजींनी या प्रश्नावर आपली भूमिका स्पष्ट केली. गोळीबाराचा हुकूम नाकारणारा शिपाई आपली शपथ मोडतो, आणि उद्या राज्य हाती आल्यावर याच शिपायांकडून काम घ्यावयाचे असल्याने त्यांना अवज्ञेची शिकवण देता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. आज निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळी झाडण्यास नकार देणारा शिपाई उद्या दंगलीत सापडलेल्या अल्पसंख्याकांचे रक्षण करण्यासही नकार देऊ शकतो. कोणता हुकूम पाळावा हे प्रत्येक बंदूकधाऱ्याने आपल्या मर्जीने ठरवावयाचे म्हटले, तर दुबळ्यांचाच बळी आधी जाईल. ज्यांना लोकशाही समाजवाद हवा आहे त्यांना शिस्तबद्ध व नागरी सत्तेच्या अधीन असलेले सैन्यही हवेच असते. परंतु पेशावरच्या शिपायांनी काय केले, ते नीट पाहिले पाहिजे. त्यांनी अधिकाऱ्यांवर बंदूक रोखली नाही, ते पळाले नाहीत, त्यांनी लूट केली नाही. नकार उघडपणे दिला आणि त्याची शिक्षा मुकाट्याने भोगली. शिवाय त्यांचा नकार परधर्मीयांचे प्राण वाचवण्यासाठी होता. सत्याग्रहाच्या ज्या कसोट्या गांधीजींनी स्वतः घालून दिल्या, त्यांवर हा नकार पुरेपूर उतरतो. तरीही खुद्द सत्याग्रहाच्या तहात या सत्याग्रहींना जागा मिळाली नाही. राज्य चालवण्याची वेळ जवळ येत असल्याची जाणीव होताच राज्यकर्त्याची दृष्टी किती लवकर येते, याचा हा दाखला आहे.

चंद्रसिंग अकरा वर्षांनी, १९४१ साली सुटले. गढवालात पाऊल टाकण्यास त्यांना बंदी होती. काही काळ ते वर्ध्याला गांधीजींच्या आश्रमात राहिले, ही गोष्ट त्या माणसाच्या मनाचा मोठेपणा सांगून जाते. १९४२ च्या आंदोलनात ते पुन्हा तुरुंगात गेले. तेथून सुटल्यावर त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचे काम पत्करले. १९४८ च्या जानेवारीत टेहरी संस्थानात नागेंद्र सकलानी व मोलू भरदारी हे कार्यकर्ते गोळीबारात मारले गेले, तेव्हा त्यांचे मृतदेह घेऊन टेहरीकडे निघालेल्या जनतेच्या अग्रभागी हाच माजी हवालदार होता. स्वतंत्र भारतातही त्यांना तुरुंगवास चुकला नाही. राहुल सांकृत्यायन यांनी त्यांचे चरित्र लिहिले, पण सत्तेच्या दारी त्यांना विचारणारे कोणी नव्हते. सरकारी गौरवाचा ओघ सुरू झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे ते काही विचारू शकत नव्हते तेव्हा.

हा केवळ एका माणसाचा दैवदुर्विलास मानता येणार नाही. आझाद हिंद सेनेचे सैनिक देशाच्या गळ्यातील ताईत झाले, परंतु स्वतंत्र भारताच्या सैन्यात त्यांना परत घेतले गेले नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नौसैनिकांनी बंड केले आणि गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी रस्त्यावर रक्त सांडले. त्या बडतर्फ नौसैनिकांनाही स्वतंत्र देशाच्या नौदलाचे दरवाजे बंदच राहिले. परक्या राजवटीचा हुकूम मोडणाऱ्याची पूजा करावी, पण त्याच्या हाती पुन्हा बंदूक देऊ नये, असा हा व्यवहार होता.

मूळ प्रश्न आजही शिल्लक आहे. १९५० च्या सेना अधिनियमाचे ४१ वे कलम शिपायाला बांधून घेते ते 'कायदेशीर' हुकमाशी. कागदावर हा शब्द मोलाचा आहे. परंतु बाजाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जवानाला हुकमाची कायदेशीरता ताडून पाहण्यास क्षणभराचाच अवधी मिळतो, आणि त्याचा निर्णय बरोबर होता की नाही हे नंतर लष्करी न्यायालय ठरवते. उलट जमाव पांगवताना जो हुकूम पाळणे बंधनकारक होते त्यानुसार वागलेल्यास जुन्या फौजदारी संहितेप्रमाणेच २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही संरक्षण दिले आहे. गोळी झाडणाऱ्याच्या पाठीशी कायदा आधीच उभा असतो. न झाडणाऱ्याने स्वतःचा बचाव स्वतःच करावयाचा असतो.

या तराजूची पारडी समान करणे, हेच चंद्रसिंगांचे खरे स्मारक ठरेल. बेकायदेशीर हुकूम म्हणजे काय, हे जवानांना व पोलिसांना भरतीपासून शिकवले गेले पाहिजे. निःशस्त्र जमावावरील प्रत्येक गोळीबाराची चौकशी दलाबाहेरच्या न्यायिक अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. ज्याने उघडपणे आणि हिंसेवाचून नकार दिला त्याची बाजू त्या चौकशीत ऐकली गेल्याखेरीज त्याच्यावर शिक्षेची कारवाई होता कामा नये. मुख्य म्हणजे नागरिकांच्या असंतोषावर सैन्याचा उपाय योजण्याची राज्यकर्त्यांची सवय मोडली पाहिजे, कारण जवानाला या पेचात लोटणारे तेच असतात. दरसाल २३ एप्रिलला कार्यकर्त्यांनी पेशावरची हकीकत सांगावी, ती १९३१ च्या करारातील त्या तरतुदीसह सांगावी, आणि तिच्यासोबत या मागण्याही गावोगाव न्याव्यात.