शॅकल्टनने 'सगळ्यांना' वाचवलं नव्हतं

जहाज बर्फात अडकलं, बुडालं, तरी नेत्याने २८ च्या २८ माणसं जिवंत परत आणली. शॅकल्टनची ही गोष्ट आता प्रत्येक प्रेरणा-शिबिरात ऐकवतात. खाली ठळक अक्षरांत: हार मानू नका! आता गाळलेली अर्धी गोष्ट ऐका.

१९१४ ची ती मोहीम दोन जहाजांची होती. शॅकल्टन 'एन्ड्युरन्स'ने एका बाजूने अंटार्क्टिकावर उतरून खंड पायी ओलांडणार होता. एवढ्या वाटेचं अन्न ओढून नेता येत नाही. म्हणून 'ऑरोरा'वरची दुसरी तुकडी पलीकडून, रॉस समुद्राकडून शिरून वाटेत अन्नाचे साठे लावणार होती. मे १९१५ मध्ये वादळात ऑरोरा दोर तुटून वाहून गेलं. किनाऱ्यावर दहा माणसं उरली, त्यांचं बरंचसं सामान जहाजावरच. त्यांनी आधीच्या मोहिमेने टाकलेल्या तंबूच्या कापडाचे कपडे शिवले, सील मारून खाल्ले आणि बीअर्डमोर हिमनदीच्या पायथ्यापर्यंत साठे लावलेच. आपण चुकलो तर पलीकडून येणारे उपाशी मरतील, एवढं एकच डोक्यात.

पलीकडून कोणी येणारच नव्हतं. एन्ड्युरन्स नोव्हेंबर १९१५ मध्येच बुडालं होतं आणि हे कळवायची काही सोयच नव्हती. स्पेन्सर-स्मिथ परतीच्या वाटेवर स्कर्वीने गेले. मॅकिंटॉश आणि हेवर्ड मे १९१६ मध्ये कच्च्या समुद्रबर्फावरून निघाले ते परत दिसलेच नाहीत. तीन माणसं. त्याच मोहिमेची, त्याच नेत्याची.

शॅकल्टन वाईट होता असं मी म्हणत नाही. उरलेल्या सात जणांना आणायला तो स्वतः गेला. त्याआधी १९०९ मध्ये दक्षिण ध्रुव जेमतेम १८० किलोमीटरवर असताना तो मागे फिरला, कारण पुढे गेले असते तर परतीपुरतं अन्न उरलं नसतं. हा प्रसंग शिबिरात कधी ऐकलात? नाहीच ऐकणार. साहेबाने माणसांसाठी टार्गेट सोडलं, हे कर्मचाऱ्यांना कोण सांगेल हो!

त्यांना हवी ती फक्त जिद्द, तीही खालच्यांची. हातमोज्यांशिवाय गटारात उतरवलेल्या कामगाराला, तिघींचं काम एकटीने ओढणाऱ्या नर्सला 'मानसिकता बदला' म्हणायचं. सामान का आलं नाही असं कोणी विचारलं की तो लगेच 'निगेटिव्ह'.

असा एक निगेटिव्ह माणूस एन्ड्युरन्सवरही होता, सुतार मॅकनिश. बर्फावरून होड्या ओढत नेणं त्याला पटेना, आणि जहाज बुडालं तर हुकूमही संपला, असं त्याने तोंडावर सांगितलं. पुढे ज्या होडीने शॅकल्टन मदत आणायला साउथ जॉर्जियाला पोचला, तिच्या बाजू उंच करून तिला कापडी छत ठोकलं ते याच मॅकनिशने. मोहीम संपल्यावर ध्रुवीय पदकं वाटली गेली. त्याला मिळालं नाही.