दंड दहा हजारांचा, भुर्दंड घरादाराला



गटारी, होळी किंवा ३१ डिसेंबर झाला की पुढच्या अंकात ठरलेली बातमी असते: अमुक इतक्या तळीरामांवर कारवाई, तमुक इतका दंड. ती वाचून अनेक जण ‘सापडलो तर दहा हजार भरू’ असा हिशेब करतात. हा हिशेब साफ चुकीचा आहे आणि तो दुरुस्त करण्याची जबाबदारी वर्तमानपत्रांचीही आहे, म्हणून हे पत्र.

माझा भाचा टेम्पो चालवतो. गेल्या वर्षी मित्राच्या हळदीहून दुचाकीवर परतताना तो नाकाबंदीत सापडला. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची; मशीनवरचा आकडा कितीतरी पुढचा होता. गाडी जमा झाली. हा गुन्हा चौकात पावती फाडून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दूध, गॅस, किराणा मांडायची बहिणीची एक वही आहे. त्या दिवसांतली पानं मी पाहिली. दंडाची ओळ एकच. तिच्या वर-खाली वकिलाची फी, झेरॉक्स, रिक्षाभाडं, गाडी सोडवून आणायचा खर्च. आणि कोर्टाच्या प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द: ‘खाडा’. पुढे लायसन्स तीन महिने निलंबित झालं. ऑफिसात बसणारा माणूस बसने कामावर जाईल, टेम्पोवाल्याची तर रोजीच लायसन्सवर. मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचे हप्ते बहिणीने डबे करून फेडले. भाच्याची चूकच होती, त्याची बाजू मी घेत नाही. त्या रात्री त्याच्या गाडीखाली कुणी आलं नाही, हे नशीब.

अपघात झाला असता तर विमाही पाठीशी उभा राहिला नसता. दारूच्या अमलाखाली गाडी चालवून झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. २००७ साली दिल्लीत इंडिया गेटजवळ एका कंपनीची महागडी पोर्श गाडी उलटून जळाली. चालकाची ब्रेथ अ‍ॅनालायझर चाचणी झालेली नव्हती, तरीही इतर पुराव्यांवरून तो नशेत होता हे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विमा कंपनीचा नकार योग्य ठरवला. पोर्श गेली तरी एखादी कंपनी तगून राहील. हप्त्यावर घेतलेली दुचाकी गेली, वर कुणाला जखमी केल्याची भरपाई अंगावर आली, तर साधं घर कायमचं बुडतं.

‘दंड आणखी वाढवा’ ही मागणी नेहमीच होते. २०१९ च्या दुरुस्तीने दोन हजारांचे दहा हजार झाले, तरी ‘भरू की’ म्हणणारे तसेच आहेत. अपघाताची भीती घालूनही उपयोग होत नाही, कारण अपघात दुसऱ्याला होतो असं प्रत्येकाला वाटतं. मात्र खाडा, हप्ता, वकील, लायसन्स हे शब्द ज्याला त्याला कळतात. तेच लोकांपुढे ठेवायला हवेत.

माझी विनंती साधी आहे. कारवाईच्या बातमीत दंडाच्या आकड्याशेजारी हा बाकीचा खर्चही चौकटीत छापा. वाहतूक पोलिसांनी हीच यादी परमिट रूमच्या गल्ल्याजवळ आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लावावी. आणि ‘तळीराम’ हा शब्द सोडा; तो वाचून हसू येतं आणि बातमी तिथेच संपते. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातला तळीराम तेवढा आपण उचलला, नवऱ्याच्या व्यसनापायी दळण दळणारी सिंधू विसरलो. ती आजही घरोघरी आहे, आणि खर्चाची वही तिच्याच हातात असते.

– एक वाचक, नाशिक